भूकंपाचा आकडा आणि आपल्या गावचा धक्का



भूकंप झाला की रेडिओच्या बातमीत एक आकडा सांगतात, ६.२ किंवा ७.७ असा. मग पारावर चर्चा सुरू होते की एवढा मोठा आकडा, आता आपले कसे व्हायचे? पण तो आकडा भूकंपाचा असतो, तुमच्या अंगणाचा नसतो. विहिरीवरची मोटार किती हॉर्सपॉवरची हे सांगितले म्हणून शेवटच्या वाफ्यात पाणी किती पोचले ते कळते का? तसेच हे आहे.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला झालेला भूकंप ६.२ चा होता. २६ जानेवारी २००१ चा भुजकडचा ७.७ चा. आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. दीडने वाढला की पावणेदोनशे पटीच्या घरात जाते. म्हणजे भुजचा भूकंप कितीतरी मोठा. तरीही त्या दिवशी लातूरकडे घरे पडली नाहीत, कारण मध्ये आठशे किलोमीटरच्या वर मुलूख होता. किल्लारीचा भूकंप मात्र गावांच्या अगदी पायाखाली आणि उथळ होता.

अंतर धरताना खोलीही धरावी लागते. गवंडी गुण्या लावताना ६, ८ आणि १० ची दोरी धरतो ना, तोच हिशोब. केंद्र गावापासून ६ किलोमीटरवर आणि खोली ८ किलोमीटर असेल तर खरे अंतर १० किलोमीटर. गाव ३० किलोमीटरवर असेल तर तेच सुमारे ३१ भरते. तिथे खोलीने फारसा फरक पडत नाही. दहाऐवजी तीस किलोमीटरवर धक्का ढोबळमानाने तिसऱ्या हिश्श्यावर येतो, बहुधा त्याहूनही कमी, कारण वाटेत जमीनही थोडा जोर गिळते.

एक गैरसमज मात्र काढून टाका. ऊर्जा ३२ पट झाली म्हणून जवळच्या गावाला ३२ पट जोराचा हिसका बसत नाही. हिसका काही पटींनीच वाढतो. पण हलणे जास्त वेळ टिकते आणि लांबवर पोचते.

अंतराचा अंदाज स्वतःलाही करता येतो. वीज चमकल्यावर गडगडाट येईपर्यंत आपण आकडे मोजतो, तसे आधी लहान थरथर जाणवते आणि मग मोठे हेलकावे येतात. मधल्या सेकंदांना ८ ने गुणा, तितके किलोमीटर. ४ सेकंद गेले तर सुमारे ३२ किलोमीटर. (मोजायचे ते बाहेर मोकळ्यावर असताना. घरात दाराजवळ असाल तर आधी बाहेर पडा.)

एवढे करूनही हिशोब पुरा होत नाही. भुजच्या भूकंपात सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत उंच इमारती कोसळल्या. खाली नदीच्या गाळाची जमीन होती आणि कित्येक बांधकामांतही खोट होती. गाळाची, भरावाची जमीन खडकापेक्षा जास्त हलते.

किल्लारीच्या बाजूला दगडमातीच्या जाड भिंती आणि वर जड माळवद होते. अशा घराला मध्यम धक्काही भारी पडतो. आपले घर तसे असेल तर माळवदावर दरवर्षी माती चढवू नका. नवी दगडी भिंत घालताना दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बसवून घ्या, आणि दारे-खिडक्यांच्या वर चारी भिंतींवरून सलग पट्टी फिरवायला गवंड्याला सांगा.