मेदपटलातील कार्बनची नळी

वसमतच्या बाजारात हळदीच्या पोत्यांशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला हळदीचा डाग किती चिवट असतो हे सांगायला नको. हळदीचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज उतरतो. पाणी टाळून तेलाशी जमवून घेणाऱ्या अशा पदार्थांना जलद्वेषी म्हणतात.

आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचे पटलही आतून असेच तेलकट असते. मेदरेणूंच्या दोन थरांचे हे पटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या पाचपट. त्यातून पाण्याला वाट देण्यासाठी पेशी प्रथिनांच्या नळ्या बसवते. अशा नळीच्या शोधाबद्दल पीटर ॲग्र यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

प्रथिनाऐवजी कार्बनची नळी बसवली तर? कार्बन अणूंची षट्‌कोनी जाळी गुंडाळावी, तशी ही नळी असते. तिची भिंत जलद्वेषी, म्हणून ती मेदात सुखाने राहील. पण मग तिच्या पोकळीत पाणी शिरेल कशाला?

इतक्या अरुंद नळीतला एकेक रेणू सूक्ष्मदर्शकातून धावताना दिसत नाही. म्हणून संगणकावर त्याची नक्कल करतात. प्रत्येक अणूवर शेजाऱ्यांचे बल किती, ते काढायचे. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्वरण, त्यावरून नवा वेग, वेगावरून नवी जागा. मग पुन्हा पहिल्यापासून! दर पाऊल सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाचाही सुमारे पाच लाखावा भाग. म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग पाहायचा तर पाच लाख पावले.

ही रीत घडवणाऱ्यांत अनीसुर रहमान अग्रणी. ते १९२७ साली हैदराबादला जन्मले. (आपले वसमतही तेव्हा हैदराबाद संस्थानातच होते.) काही काळ उस्मानिया विद्यापीठात शिकवून ते अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत गेले आणि १९६४ साली त्यांनी ८६४ अणूंच्या द्रवरूप आर्गॉनची नक्कल प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेचे आणि वायूचे नाव जुळते, तो निव्वळ योगायोग!

कार्बन नळीची अशी नक्कल हमर, रासैया व नोवोरिता यांनी २००१ साली प्रसिद्ध केली. नळी सुमारे ०.८ नॅनोमीटर रुंद. भोवती फक्त पाणी, पटल नाही. पाणी आत शिरले, आणि शाळा सुटल्यावर मुले एका ओळीत निघावीत तसे रेणू एकामागून एक चालू लागले. आत एका वेळी पाचेक रेणू, आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागात सरासरी १७ रेणू पार! पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून राहतात आणि गुळगुळीत भिंत त्यांना अडवत नाही.

पण खरी मेख पुढे आहे. संशोधकांनी कार्बन आणि पाणी यांच्यातले मानलेले आकर्षण कमी करून पाहिले, तर नळी कधी भरलेली, कधी रिकामी, अशी झुलू लागली. पावलांची आकडेमोड तीच, बलाचा आकडा तेवढा बदललेला. बल चुकीचे दिले, तर संगणक तितक्याच तत्परतेने चुकीचे चित्र काढून देतो. माझे विद्यार्थी पडद्यावर हलणारे रेणू पाहून ‘दिसले’ म्हणतात, तेव्हा मी त्यांना ‘काढले’ म्हणायला सांगतो.

नळी पटलात बसते कशी, हा वेगळा प्रश्न. लोपेझ व सहकाऱ्यांनी २००४ साली, अनेक अणूंचा मिळून एक मणी मानून, ती नक्कल केली. टोकांना जलस्नेही केलेली नळी आधी पटलात आडवी शिरली, मग आपणहून उभी राहिली. मधला भाग मेदात, टोके दोन्हीकडच्या पाण्यात.

प्रत्यक्ष प्रयोग मागाहून आला. २०१४ साली लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील नॉय यांच्या गटाने नळ्यांचे सुमारे १० नॅनोमीटर लांबीचे तुकडे मेदपटलात बसवले. एकेक नळी बसताच पटलातून जाणारी विद्युतधारा पायरीपायरीने वाढे. आणि २०१७ साली याच गटाने ०.८ नॅनोमीटर रुंदीच्या नळ्यांतून जाणारे पाणी मोजले, तेव्हा त्याचा वेग पेशीतल्या प्रथिनाच्या नळीपेक्षाही अधिक भरला.