खिशातला की खाडीवरचा?

बोनस एक, कॅमेरे दोन आणि घरात मतं चार! कॉम्पॅक्ट घ्यायचा की सुपरझूम, या प्रश्नाने आमच्या कांजूरच्या घरात महिनाभर धुमाकूळ घातला. तुमच्याही डोक्यात हाच किडा वळवळत असेल, तर खरेदीला निघण्यापूर्वी हे वाचाच.

बोनस जमा झाल्याचा मेसेज आला की आपल्यातल्या निम्म्या लोकांना अचानक आठवतं, अरे, आपल्याला तर फोटोग्राफीची आवड होती! फोन असतोच हातात. पण 'खराखुरा' कॅमेरा गळ्यात अडकवण्याचा फंडाच वेगळा. मग शनिवारी दुकानात जायचं आणि काउंटरसमोर गोंधळायचं. एका बाजूला जीन्सच्या खिशात मावणारा छोटुकला कॉम्पॅक्ट. दुसऱ्या बाजूला दिसायला अगदी डीएसएलआरसारखा भारदस्त, पण लेन्स न निघणारा सुपरझूम, ज्याला 'ब्रिज कॅमेरा'ही म्हणतात. सेल्समन विचारतो, "सर, बजेट काय?" खरं तर त्याने विचारायला हवं, "तुम्हाला फोटो कशाचे काढायचेत? आणि ते तुमच्यापासून किती लांब आहे?"

आधी थोडा फ्लॅशबॅक. जपानच्या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी रवाना झाले होते आणि त्यातले बहुतेक साधे कॉम्पॅक्टच होते. २०२४ मध्ये सगळे प्रकार मिळून आकडा जेमतेम ८५ लाख! मधल्या काळात काय झालं ते सांगायला नकोच, ते तुमच्या खिशात व्हायब्रेट होतंय. लग्न-बारशाला न्यायचा स्वस्त डिजिकॅम फोनने गिळला. जे उरले ते एक तर फोनपेक्षा बरेच सरस आहेत, नाही तर फोनला जमत नाही असं काही तरी करतात. कॉलेजातली मुलं कपाटातले जुने डिजिकॅम बाहेर काढून पार्ट्यांचे फोटो काढतायत, ती गंमत वेगळी. ती स्टाइल आहे. आपण पन्नास हजारांबद्दल बोलतोय.

पन्नास हजार म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा पहिला बोनस. तो पवईला एका आयटी कंपनीत आहे. मी फ्रीलान्सर, त्यामुळे 'बोनस' हा शब्द मी फक्त ऐकून आहे. सिलेक्शनचं काम मात्र माझ्यावर. "ताई, तू जर्नलिस्ट आहेस ना, मग रिसर्च तू कर!"

रिसर्च सोपा असता, पण घरात एक घड्याळ टिकटिकतंय. आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीय. मे महिन्याअखेर घर रिकामं करायचं, मग किमान तीन वर्षं भाड्याने बदलापूरला. मी ज्या स्वयंपाकघरात लहानाची मोठी झाले, ते पाडलं जाणार. आईचं म्हणणं, या घराचे नीट फोटो हवेत. आणि रिटायर झालेल्या बाबांना एकच वेड, फ्लेमिंगो! कांजूर पूर्वेला हायवे ओलांडला की मिठागरं, मग खारफुटी आणि मग ठाण्याची खाडी. भांडुप पंपिंग स्टेशन स्कूटरवर काही मिनिटांच्या अंतरावर. हा त्यांचा शेवटचा हातासरशीचा सीझन. बदलापूरहून रोज कोण येणार? भावाला स्वतःला हवा होता कॉम्पॅक्ट, ट्रेक आणि मित्रांसाठी. पैसे त्याचे, म्हणजे व्हीटो पॉवरही त्याचीच.

गणित स्वयंपाकघराचं

आधी कॉम्पॅक्टची बाजू. आमच्या मनात होता कॅनन पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३. मॉडेल २०१९ चं, पण सोशल मीडियावरच्या मंडळींनी तो असा काही उचलून धरला की नंतरच्या काळात मागणी उलट वाढली. वजन ३०४ ग्रॅम. म्हणजे आईने दिलेल्या डब्यापेक्षा हलका.

त्याची खरी ताकद आत आहे. त्यात 'एक इंची' सेन्सर आहे. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांवरून आलंय, इंचाशी त्याचा काही संबंध नाही. प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे साधारण ११६ चौरस मिलिमीटर. बहुतेक सुपरझूममध्ये असतो '१/२.३ इंची' सेन्सर, क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर, करंगळीच्या नखापेक्षा लहान! त्याला कारणही आहे. सेन्सर मोठा केला तर तेवढ्याच झूमसाठी लेन्स बादलीएवढी होईल.

शिवाय जी७ एक्सची लेन्स वाइडला एफ/१.८ पर्यंत उघडते. आमच्या बजेटमधल्या सुपरझूमची, म्हणजे कॅननच्याच एसएक्स७० एचएसची (२०१८), एफ/३.४ पर्यंतच. हा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त, आणि तोही वर्गाच्या हिशेबाने. सेन्सरची चौपट आणि लेन्सची साडेतीन पट यांचा गुणाकार केला तर ट्यूबलाइटच्या उजेडात त्याच शटर स्पीडला जी७ एक्स जवळपास चौदा पट प्रकाश गोळा करतो. संध्याकाळी सातला आई पोळ्या लाटतेय, हात हलतायत, वाफ येतेय. असा फोटो सुपरझूमने काढाल तर आईच्या हातांचा धुरळा आणि वर रवाळपणा. इथे कॉम्पॅक्ट एकदम बाजी मारतो.

पण थांबा. हा फोटो आजचा बरा फोनही चांगला काढतो. फोनचा सेन्सर छोटाच, पण तो पटापट अनेक फ्रेम घेऊन त्यांची सरमिसळ करतो. समोरचं हललं की त्याचीही कधी कधी फजिती होते, हे कबूल. पण ओटा, मांडणी, खिडकीतली तुळस, दारावरच्या पेन्सिलच्या उंचीच्या खुणा यातलं काहीच हलत नाही. फोन भिंतीला टेकवा, टायमर लावा, झालं! म्हणजे चांगला कॉम्पॅक्ट फोनपेक्षा उजवा आहे, पण तो काम फोनचंच करतो. पन्नास हजारांत मला 'आणखी थोडं छान' हवं होतं की 'आधी अजिबात नव्हतं ते'?

आणि गणित खाडीचं

आता फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित. हिवाळ्यात येतात आणि मे महिन्यापर्यंत मुक्काम ठोकतात. त्यात बहुसंख्य असतात लहान रोहित, उभे राहिले की साधारण ८० ते ९० सेंटिमीटर. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. म्हणजे आपण लोकलमध्ये लटकत ऑफिसला जातो, तेव्हा पूर्वेला दोन-तीन किलोमीटरवर आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असते. आम्हा कांजूरकरांना खाडीच्या दिशेने जास्त ओळखीचा आहे तो डम्पिंग ग्राउंडचा वास, ते सोडा.

समजा पक्षी तुमच्यापासून ३०० मीटरवर चिखलात चरतोय. कॅमेऱ्याची पोहोच तुलनेसाठी मिलिमीटरमध्ये मोजतात. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ मिलिमीटरची. तिच्या फ्रेममध्ये त्या अंतरावर ३०० मीटर उंचीचा देखावा मावतो, आणि त्यात आपला पाऊण-एक मीटरचा रोहित! बारा मेगापिक्सेलच्या फोटोत त्याच्या वाट्याला येतात नऊ-दहा पिक्सेल. म्हणजे गुलाबी ठिपका. जी७ एक्सचा झूम १०० मिलिमीटरवर संपतो, तिथे पक्षी फ्रेमच्या उंचीच्या ऐंशीव्या हिश्श्याएवढा. एसएक्स७० जातो १३६५ मिलिमीटरपर्यंत आणि पक्षी होतो फ्रेमच्या सहाव्या हिश्श्याएवढा. चोच वळलेली दिसते, डोळा दिसतो! महागड्या फोनमधले पेरिस्कोप झूमही साधारण १२० मिलिमीटरच्या आसपास दम तोडतात, पुढचा सगळा डिजिटल झूम. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून ताणणं, ते घरी बसूनही करता येतं.

'किती एक्स' या आकड्याला मात्र भुलू नका. एक्स म्हणजे सर्वांत लांब आणि सर्वांत जवळच्या टोकाचं गुणोत्तर. पोहोच मिलिमीटरमध्येच बघा. निकॉनचा पी१००० (२०१८) चक्क ३००० मिलिमीटरपर्यंत जातो, चंद्रावरचे खड्डे दाखवतो. पण त्याचं वजन १४१५ ग्रॅम आणि त्या टोकाला लेन्स एफ/८. स्लो लोकलमध्ये (कांजूरला फास्ट थांबत नाही, हे आमचं जुनं दुःख) लॅपटॉप, डबा, छत्री आणि वर दीड किलोचं हे धूड? चार दिवस उत्साहाने न्याल, पाचव्या दिवशी ते कपाटात जाईल. एसएक्स७० सुमारे ६१० ग्रॅमचा. खिशात नाही, पण बॅगेत निमूट बसतो.

आणि झूम म्हणजे जादूची कांडी नव्हे. दुपारच्या उन्हात चिखलावरून गरम हवा वर उठते, त्यातून काढलेला पक्षी पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो. कितीही महाग लेन्स असो, मधली हवा तीच. आमच्या गच्चीवरून खाडीची रेघ दिसते, पण तिथून पक्षी टिपायचं स्वप्न सोडा. उडत्या पक्ष्यासाठी शटर स्पीड एक हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद लागतो आणि लांबच्या टोकाला एफ/६.५ असलेल्या लेन्सला त्यासाठी भरपूर ऊन हवं. म्हणजे थरथर नको, पण उजेड हवा, अशी सकाळ-संध्याकाळची चिमूटभर वेळच आपली.

त्यातही कांजूर-भांडुपकडून बघताना खाडी पूर्वेला. सकाळी सूर्य पक्ष्यांच्या मागे, म्हणजे गुलाबी पक्ष्याची काळी सावली मिळणार. आपल्या बाजूने जायचं ते दुपार कलल्यावर, ऊन आपल्या पाठीवर असताना. सकाळची हौस असेल तर पलीकडच्या ऐरोलीला जा. तिथल्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून सीझनमध्ये बोटीही निघतात. आणि घड्याळाच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा. ओहोटीला पक्षी लांबवर चिखलात पांगतात, पाणी चढू लागलं की कडेकडे सरकतात. शंभर मीटरने सरकलेला पक्षी तुमचे काही हजार वाचवतो!

निकाल

मी मत दिलं सुपरझूमला. ज्याच्याकडे बरा फोन आहे, त्याच्या संग्रहात खरोखर नवीन भर घालतो तो हाच. कॉम्पॅक्ट घ्यायचाच तर मोठ्या सेन्सरचाच घ्या, नाही तर फोनचीच कॉपी घेतल्यासारखं होईल. ज्यांचं आयुष्य संध्याकाळनंतर सुरू होतं, गिग, कॅफे, मित्रांची घरं, त्यांनी माझं ऐकू नये, सरळ कॉम्पॅक्ट घ्यावा. भाऊ याच जमातीतला, त्यामुळे तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग एका संध्याकाळी बाबा फोनवरचे गुलाबी ठिपके बोटांनी ताणताणून आईला दाखवत होते, ते त्याने पाहिलं. रात्री म्हणाला, "ट्रेकला फोन नेईन मी. घेऊन टाकू."

आम्ही सेकंडहँडच्या शोधात फोर्टातल्या बोरा बझारला गेलो. तुम्ही जाल तेव्हा एवढं करा. झूम पूर्ण बाहेर-आत चार वेळा फिरवा, मोटरचा कुरकुर आवाज आला तर नमस्कार करून निघा. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ/८ वर काढून स्क्रीनवर मोठा करा. काळे डाग दिसले तर आत धूळ गेलीय आणि या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नसल्याने ती घरी साफ होत नाही. खिशात वावरलेल्या कॉम्पॅक्टमध्ये हा प्रकार फार. बॅटरी फुगलेली नाही ना, ते बोटाने चाचपा. मूळ बिल मागा.

एक गोष्ट माझ्या रिसर्चमध्ये नव्हती. जी७ एक्सला डोळा लावायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर नाही, एसएक्स७०ला आहे आणि तिच्याशेजारी नंबर जुळवायचं बारीक चाकही आहे. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, चाक फिरवलं आणि समोरच्या इमारतीवरचं कबूतर बघून म्हणाले, "हाच."

घराचे फोटो आई आणि मी फोनने काढतोय, रोज एक कोपरा. बाबा रोज चारनंतर खाडीवर. सध्या त्यांनी नवंच खूळ काढलंय. बीएनएचएसच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या सहा फ्लेमिंगोंना जीपीएस टॅग लावले होते. काही पक्ष्यांच्या पायात अक्षरं असलेली रंगीत कडीही असतात. ते अक्षर वाचून कळवलं, तर तो पक्षी कुठून आला याचा माग लागतो. मागच्या आठवड्यात बाबांना एक कडंवाला सापडला. फोटोत कडं दिसतंय, रंग कळतोय, अक्षर मात्र फिसकटलेलं. मी हिशेब केला, तीनशे मीटरवर ते कडं फोटोत जेमतेम वीस पिक्सेलांचं असणार. बाबांना म्हटलं, अजून जवळ यायला हवा तो. ते भरतीचा तक्ता काढून बसले. शनिवारी पाणी पाचच्या सुमारास चढतंय आणि भाऊ घरीच आहे, स्कूटर तोच चालवणार आहे.