दादर ते भायखळा : एक सूर्यमाला

पाठ्यपुस्तकातील चित्रात सूर्यमालेचे ग्रह दाटीने बसलेले दिसतात. पानावर आकार आणि अंतर एकाच मापाने दाखवणे शक्यच नसते. म्हणून आम्ही पानाऐवजी मुंबईचा रस्ता घेतला. माप ठरवले : १ मीटर म्हणजे १० लाख कि.मी.

दादरच्या खोदादाद सर्कलला १.४ मीटर व्यासाचा सूर्य ठेवू. पृथ्वी तेथून १५० मीटरवर, १३ मि.मी.ची गोटी, तिच्यापासून ३८ सें.मी.वर मुगाच्या दाण्याएवढा चंद्र. डॉ. आंबेडकर रस्त्याने दक्षिणेकडे निघालो की ७८० मीटरवर नारळाएवढा गुरू येतो. शनी हिंदमाताच्या आसपास, युरेनस लालबागला आणि लिंबाएवढा नेपच्यून साडेचार कि.मी.वर, भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळ. (प्रत्यक्षात ग्रह असे एका रांगेत नसतात.) मधला रस्ता जवळजवळ रिकामाच!

या मापात प्रकाश सेकंदाला ३० सें.मी., म्हणजे एक फूटपट्टी सरकतो. मुलांनी शाळेच्या फाटकाशी सूर्य मांडून सेकंदाला एक पट्टी पुढे जावे. पाचशेव्या पट्टीला, सव्वाआठ मिनिटांनी, पृथ्वी येईल.

आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा? तो मात्र ४०,००० कि.मी.वर, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या परिघाइतका दूर! चित्र पुसून ही पोकळी मुलांच्या मनात उतरली, तर सूर्यमाला खरोखर समजली असे आम्ही म्हणू.