बंदर दिसण्यापूर्वीचे दिवस

श्रावण जवळ आला की अहिल्यानगरच्या कापडबाजारापासून सावेडीपर्यंत समाजातील कितीतरी घरांत एकच लगबग सुरू होते. मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेली असते. वजनकाट्यावर बॅग पुन्हा पुन्हा चढते. २३ किलोंच्या मर्यादेत पुस्तके किती, खाकरे किती आणि मेथीचे ठेपले किती, यावर आई आणि मुलांत वाद होतो. विमानातील जैन भोजनाची नोंद तिकिटाबरोबरच झालेली असते. मुंबईहून निघालेले विमान सुमारे दहा तासांत लंडनला टेकते. डब्यातील ठेपला मऊ असतो तोवर परदेश आलेला असतो.

एकोणिसाव्या शतकात हेच अंतर काटायला आठवडे लागत. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्यानंतर नगरकराला दौंडमार्गे मुंबई गाठणे सोपे झाले; पण खरा प्रवास मुंबईच्या धक्क्यावरून पुढे सुरू होई. एडन, तांबडा समुद्र, १८६९ साली खुला झालेला सुएझ कालवा, भूमध्य समुद्र आणि शेवटी बिस्केचा उपसागर. मागचा किनारा सुटलेला आणि पुढचे बंदर अद्याप दूर, अशा त्या आठवड्यांत विद्यार्थी घरचाही नसे आणि विद्यापीठाचाही नसे. घरी दिलेला शब्द पाळायचा की नाही, याचा निर्णय मात्र तिथेच, रोज जेवणाच्या वेळी करावा लागे.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीने निघाल्या, तेव्हा त्यांना अठरावे वर्ष पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. भाड्याच्या रकमेसाठी सोन्याच्या बांगड्या विकलेल्या. पती गोपाळराव मागे राहिलेले. सोबतीला होत्या त्या मिशनरी स्त्रिया. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे (हे आपल्या जिल्ह्यातील नव्हे, बंगालमधील) त्यांनी जाहीर भाषणात सांगितले होते की आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. असे बोलणे सभागृहात सोपे असते. बोटीच्या भोजनगृहात पदार्थांमागून पदार्थ मांसाचे येत, आणि आनंदीबाईंनी बराचसा प्रवास बटाट्यांवर काढला. नाराजी असो वा आग्रह, त्यांना तो सोबतच्याच लोकांकडून सोसावा लागे. आणि सुमारे दोन महिने त्या सोबतीपासून दूर जाण्यास जागा नव्हती.

जैन वाचकाच्या मनात इथे लगेच प्रश्न येईल: बटाटा तरी कसा चालेल? कंदमूळ वर्ज्य असलेल्या श्रावकाला बोटीवर आनंदीबाईंचा हा शेवटचा आधारही उपलब्ध नव्हता. त्यात चौविहार पाळायचा तर सूर्यास्ताचा हिशेब हवा. मुंबई आणि एडन यांच्या रेखांशांत सुमारे २८ अंशांचे अंतर आहे, म्हणजे वेळेत १ तास ५० मिनिटांच्या आसपास. बोट पश्चिमेला जाई तसे घड्याळ रोज थोडे मागे घ्यावे लागे. पहिल्या पाच-सहा दिवसांत रोज सुमारे वीस मिनिटे, असा हा हिशेब बसतो. नवकारसीची वेळ आणि सूर्यास्त घड्याळापेक्षा आकाशाकडे पाहून ठरवणेच अधिक भरवशाचे. बोटीवरील मुख्य जेवण मात्र दिवेलागणीनंतर. ज्याला रात्रिभोजन-त्याग सांभाळायचा, त्याच्या वाट्याला उरे ती स्वतःची शिदोरी.

अशी शिदोरी घेऊन मुंबईहून ४ सप्टेंबर १८८८ रोजी एक अठरा वर्षांचा तरुण बॅरिस्टर होण्यासाठी निघाला. त्याच्या आईची परवानगी मिळाली ती बेचरजी स्वामी या जैन साधूंमुळे. मूळचे मोढ बनिया असलेल्या या साधूंनी मोहनदास गांधींकडून मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा करून घेतली होती. ज्ञातीने मात्र त्यांना बहिष्कृत केले आणि निरोप देण्यास धक्क्यावर जाणाऱ्याला सव्वा रुपया दंड ठरवला.

गांधीजींना समुद्र लागला नाही. लागली ती भीड. इंग्रजी बोलण्याचा सराव नव्हता, काटे-चमचे धरता येत नव्हते, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धैर्य होत नव्हते. म्हणून ते भोजनगृहात गेलेच नाहीत. सोबत आणलेली मिठाई आणि फळे खोलीतच खात. खोलीतील सोबती, जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार, डेकवर मोकळेपणी हिंडत, चार लोकांत मिसळण्यास सांगत. गांधीजी डेकवर जात ते तिथे माणसे तुरळक असताना. एक इंग्रज प्रवासी आपुलकीने बोलू लागला. इथवर ठीक, पण बिस्केच्या उपसागरात मांसाशिवाय निभणार नाही, असे त्याने बजावले. बिस्केचा उपसागर आला आणि गेला. मांसाची गरज भासली नाही.

मांस खाल्ले नाही याचा दाखला घ्यावा, असा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यांनी त्या इंग्रज गृहस्थाकडे तो मागितला आणि त्यानेही तो आनंदाने लिहून दिला. काही काळ त्यांनी तो जपून ठेवला. पुढे मांस खाणाऱ्यालाही असा दाखला मिळू शकतो हे कळल्यावर त्याचे मोल उरले नाही. कागदपत्रांवर विश्वास ठेवण्याची सवय असलेल्या आपल्या व्यापारी समाजाने हा प्रसंग सावकाश वाचावा.

वीरचंद राघवजी गांधी हे विद्यार्थी म्हणून नव्हे, तर १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेसाठी निघाले. पण त्यांच्या वाटेतही हाच समुद्र होता. साधूंना वाहनाने जाणे वर्ज्य, म्हणून आचार्य विजयानंदसूरी यांनी या २९ वर्षांच्या श्रावकाला पाठवले. समुद्रगमनाला समाजातूनच विरोध झाला, आणि आचार्यश्री त्यांच्या पाठीशी उभे राहिले. परक्या भूमीवर आचार सांभाळता येतो की नाही, हा वाद किनाऱ्यावर बसलेल्यांचा होता. बोटीवरच्या माणसाला त्याचे उत्तर रोजच्या ताटात द्यावे लागे.

बंदर जवळ आले की खोल्यांतून पेट्या उघडत. गांधीजींनी प्रवासभर काळा पोशाख वापरला आणि मित्रांनी करून दिलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला. सप्टेंबरअखेरीस इंग्लंडच्या किनाऱ्यावर ते उतरले, तेव्हा तसा पांढरा पोशाख घातलेले ते एकटेच होते. आनंदीबाईंना नव्या पोशाखाची चिंता नव्हती. त्यांच्या अंगावर लुगडेच होते. ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. ज्यांना त्या पत्रांतून मावशी म्हणत आणि ज्यांचा चेहरा त्यांनी तोवर पाहिला नव्हता, त्या श्रीमती कार्पेंटर त्यांना आपल्या घरी नेण्यासाठी आल्या होत्या.