वजनकाट्याला न दिसणारं शरीर

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन संशोधकांनी स्वतःचेच आकडे छापले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. वजन-उंचीच्या हिशेबात दोघंही सडसडीत आणि ठणठणीत. पण डेक्सा स्कॅनमध्ये युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांची धाव मात्र सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटण्याआधी आत शिरण्यापुरतीच, असंही त्या लेखात मोकळेपणानं नोंदवलेलं आहे. भारतीय माणूस दिसायला बारीक असूनही मधुमेहाच्या तावडीत का सापडतो, याचं उत्तर शोधताना हे दोन आकडे आजही डोळ्यांत अंजन घालतात.

डेक्साचं तंत्र तसं साधं आहे. कमी-जास्त ऊर्जेचे दोन क्ष-किरण शरीरातून जातात. हाड, स्नायू आणि चरबी ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात आणि त्या फरकावरून प्रत्येकाचा वाटा काढला जातो. दागिने, पट्टा, धातूची बटणं उतरवून काही मिनिटं निश्चल पडून राहायचं, एवढंच. किरणोत्सर्ग छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी असतो.

चरबीप्रमाणेच हाडांची घनताही याच तपासणीतून कळते. त्यासाठी मुख्यतः कंबरेचे मणके आणि खुबा तपासतात. रिपोर्टमधला ‘टी-स्कोअर’ म्हणजे तरुण, निरोगी माणसाच्या हाडाशी केलेली तुलना. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४च्या निकषानुसार तो उणे २.५ किंवा त्याखाली गेला, की अस्थिठिसूळता.

पण आकडा डोळे झाकून घ्यायचा नाही. उतारवयात मणके झिजून कडेनं हाड वाढतं, तेही मोजणीत धरलं जातं आणि ठिसूळ मणका कागदावर भक्कम दिसतो. अशा वेळी खुब्याच्या आकड्यावर भरवसा ठेवावा. कधी याच्या उलटही घडतं. डेक्सा हाडाची जाडी मोजत नाही. घनता दर चौरस सेंटीमीटरमागे सांगतो. त्यामुळे लहान चणीच्या बाईचं हाड आहे त्यापेक्षा कमकुवत दिसू शकतं. आपल्याकडच्या कित्येक बायकांना हे लागू पडतं, म्हणून रिपोर्ट जाणकार डॉक्टरांकडूनच वाचून घ्यायला हवा.

गल्लोगल्लीच्या मोफत शिबिरांत टाच यंत्रात ठेवून जी तपासणी होते, ती बहुधा अल्ट्रासाउंडची असते. ती डेक्सा नव्हे. अस्थिठिसूळतेचं निदान तिच्यावरून होत नाही, तेव्हा तेवढ्या चिठ्ठीवर औषधं सुरू करू नयेत. घरातल्या पासष्टीपुढच्या बाईची, किंवा पाळी गेल्यावर साध्या पडण्यानं मनगट मोडलेल्या बाईची डेक्सा तपासणी करून घ्या. रिपोर्ट जपून ठेवा आणि पुढची तपासणी शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करा. यंत्र बदललं की आकड्यांची तुलना भरवशाची राहत नाही.