इलेक्ट्रॉनिक जीभ: चहा ओळखणारे यंत्र रुग्णाला काय सांगू शकते?

पैठण रस्त्यावरच्या चितेगावात टपरीवर मिळणारा दुधाचा चहा, परसातला गवती चहा आणि दुकानातला ‘वजन कमी करणारा हर्बल टी’ या सगळ्यांना आपण चहाच म्हणतो. शरीरासाठी मात्र ही तीन वेगळी पेये आहेत. खरा चहा कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाच्या पानांचा असतो आणि त्यात कॅफीन असते. गवती चहा हे एक गवत आहे, त्यात कॅफीन नसते. हर्बल मिश्रणात काय आहे, हे पाकीट वाचल्याशिवाय कळत नाही.

हे यंत्र काम कसे करते?

चहाच्या अर्कात अनेक संवेदक बुडवतात. काही यंत्रांत त्यांवर मेदासारखे पातळ पडदे असतात. जपानच्या क्युशू विद्यापीठातील कियोशी टोको यांच्या गटाने असे चव-संवेदक विकसित केले. कडू, आंबट, खारट, तुरट पदार्थांमुळे प्रत्येक संवेदकावरचा विद्युत संकेत थोडा वेगळा बदलतो. या सगळ्या संकेतांचा मिळून एक ठसा तयार होतो. संगणक तो आधी शिकवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतो.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या कोलकाता केंद्राने चहा उद्योगासाठी इलेक्ट्रॉनिक नाक आणि जीभ या दोन्हींवर काम केले आहे. चहा चाखणाऱ्या तज्ज्ञांच्या परीक्षणाला मोजमापाची जोड मिळावी, हा त्यामागचा हेतू.

यंत्राला काय कळत नाही?

- वास: गवती चहाची ओळख त्याच्या लिंबासारख्या वासात आहे. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक नाक लागते.
- न शिकवलेली वनस्पती: ‘हा नमुना वेगळा आहे’ एवढे कळेल, पण त्यात नेमके काय मिसळले आहे ते कळेलच असे नाही.
- तुमची तब्येत: तुम्ही कोणती औषधे घेता, हे यंत्राला ठाऊक नसते.

म्हणून ‘चव तीच आहे’ म्हणजे ‘सुरक्षित आहे’ असे समजू नका. चक्रफुलाचेच पाहा. चिनी चक्रफूल मसाल्यात वापरतात. जपानी चक्रफूल दिसायला अगदी तसेच, पण विषारी. चक्रफुलाचा चहा प्यायल्यानंतर झटके येण्यासारख्या तक्रारी आढळल्या, तेव्हा २००३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तो पिऊ नये असा इशारा दिला. आजारी पडलेल्यांत तान्ही बाळेही होती. अशी भेसळ पक्की ओळखायला प्रयोगशाळेतील रासायनिक तपासणीच लागते.

कोणी काय जपावे?

- रक्त कमी असल्यास: चहातले तुरट घटक अन्नातले व गोळीतले लोह शोषू देत नाहीत. जेवण किंवा लोहाची गोळी आणि चहा यांत किमान एक तास ठेवा.
- थायरॉईडची गोळी: उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या. चहा अर्ध्या ते एक तासाने.
- रक्तदाब किंवा हृदयविकार: ज्येष्ठमध रोज, जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते.
- वजन कमी करणारे चहा: यांत सोनामुखी आहे का पाहा. ती रेचक आहे. जुलाबाने शरीरातले पाणी व क्षार जातात, चरबी नाही.
- वॉर्फरिन घेत असल्यास: ग्रीन टी किंवा काढा नव्याने सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.
- गरोदरपण व तान्ही बाळे: गरोदरपणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हर्बल मिश्रण घेऊ नका. बाळाला पोटदुखीसाठीही असा काढा पाजू नका.

डॉक्टरांकडे जाताना

‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारल्यावर बहुतेक जण फक्त गोळ्यांची नावे सांगतात. काढा आणि हर्बल टीसुद्धा सांगा. पाकीट फेकून न देता सोबत आणा. सुटी पाने असतील तर थोडी पुडीत बांधून आणा.

काढा घेतल्यावर झटके, छातीत धडधड, सतत उलट्या किंवा गुंगी आली, तर तो लगेच बंद करा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. उरलेला काढाही बरोबर न्या.