मेल पाठवला, पण गेला का?

शेतकरी बंधूंनो, कचेरीत अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची, हे आपल्या वाडवडिलांपासूनचे शहाणपण. आता तोच अर्ज पुष्कळदा मोबाईलवरून ईमेलने जातो. मग पोच कुठली?

जीमेल २००४ साली संगणकावर आली आणि २००८ साली पहिल्या अँड्रॉइड फोनबरोबर बोटाच्या स्पर्शावर चालू लागली. अवकाळीने कापलेले भात भिजले, तर खाचरातच उभे राहून फोटो काढा, माईकची खूण दाबून मराठीत बोला. अक्षरे आपोआप उमटतात. फोटो जोडायचे ते २५ एमबीच्या आत ठेवा.

खरी गोम पुढे आहे. सायवन किंवा उधव्याकडच्या एखाद्या पाड्यावर रेंज नसली, तरी ‘पाठवा’ दाबल्यावर मेल समोरून नाहीसा होतो. आपल्याला वाटते, गेला! तो आऊटबॉक्समध्ये बसून असतो, रेंज मिळाली की निघतो. आणि २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १३ सांगते, की मेल पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकात शिरला, तेव्हाच तो पाठवला असे एरवी धरायचे. म्हणजे मुदतीच्या रात्री पाड्यावर बसून बटण दाबले आणि मेल सकाळी निघाला, तर तारीख हुकली. तेव्हा हमरस्त्यावर आलात की फोन उघडा आणि ‘पाठवलेले’ या कप्प्यात मेल दिसतो का ते बघा. दिसला, तर तारीख-वेळ वहीत टिपा.

बोटाचेही सांगायला हवे. काचेवर पावसाचे थेंब पडले की ती गोंधळते. चिकूचा चीक लागलेला हातही आधी पुसा. मेलवरून चुकून आडवे बोट फिरले, तर तो यादीतून जातो. घाबरू नका, बहुधा ‘सर्व मेल’मध्ये सापडतो.

ग्रामसेवक भाऊसाहेब, तलाठी भाऊसाहेब, तुम्हालाही विनंती. ‘मेल मिळाला’ एवढे उलट टपाली कळवा, जमल्यास आवक क्रमांक टाका. शेतकऱ्याला शिक्का मिळाल्यासारखेच आहे ते.

आणि तुमचे खाते झेरॉक्सवाल्याच्या नाहीतर भाच्याच्या फोनवर उघडलेले असेल, तर अर्जातली त्रुटी, सुनावणीची तारीख, सगळे आधी त्यालाच कळणार. त्याने सांगितले तर तुम्हाला. आपल्याच मोबाईल नंबरावर स्वतःचे खाते काढून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत.